मुरलेला रॅम

२ जून, शनिवार. सुट्टी.
तेलंगणाचा स्थापना दिवस म्हणून ऑफिस बंद. परेड टीव्हीवर आरामात बघू म्हटलं, तोच बायकोची, भ्रमरांबाची हाक. कॉम्प्युटर पुन्हा अडकला. डॅलसच्या तेरा मुलांना ती दोन वर्षं स्काइपवरून गाणं शिकवतेय. प्रत्येकाने आपापल्या घरी गाऊन व्हिडिओ पाठवलाय. ते सगळे जोडून एक वृंदगान करायचंय, आणि आपल्या सतराच्या पहाटे तिकडे कार्यक्रम आहे. चौथं मूल जोडलं की पडदा गोठतो. पाचव्याची आई रोज विचारते, आमची दिसते का?
मेहुण्याला फोन झाला. तिने केला, मी नाही. उदयभास्कर गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, रॅम कमी पडतोय, वाढवा, पण मशीनला कुठला चालतो ते आधी बघा. वाटल्यास मीच येऊन जातो. मी फोन हातात घेऊन सांगितलं, तसदी नको. मला ‘बावगारू, बावगारू’ म्हणतो, म्हणजे भावोजीसाहेब, पण त्या ‘गारू’मध्ये किती आदर आहे ते मला ऐकू येतं.
मी सव्वीस वर्षं वीज खात्यात आहे. बिलिंगला आहे, हे खरं. पण वीज ती वीज.
संकल्प: रॅम स्वतः आणून स्वतः बसवायचा. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं. मेहुण्याचा सल्ला घ्यायचा नाही.

३ जून, रविवार
पहाटे फिरायला गेलो नाही, कारण दुपारी सिकंदराबादला चालणं होणारच होतं. पार्कलेनच्या कॉम्प्युटर बाजारात पोचलो तर बहुतेक शटर खाली. रविवार. एका परीने बरंच झालं. गर्दी नसताना पाहणी नीट होते. दुकानं कुठे कुठे आहेत ते पाहून घेतलं. समोर इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किटं.
घरी आल्यावर इंटरनेटवर अभ्यास. रॅममध्ये डीडीआर-तीन असतो, डीडीआर-चार असतो. तिनापेक्षा चार मोठा. हे कळायला सॉफ्टवेअरमध्ये असावं लागत नाही.

४ जून, सोमवार
ऑफिस सुटल्यावर बाजार. शुजातभाईंचं दुकान पहिल्या मजल्यावर, माणूस सभ्य. रमजान चालू आहे, त्यांचा रोजा होता, तरी शांतपणे प्रश्न विचारत होते. मदरबोर्ड कुठला? म्हटलं, चांगला आहे. कधीचा? म्हटलं, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली हे सांगितलं नाही, उगाच घरगुती गोष्टी कशाला. मग म्हणाले, तीनवाला असणार. मी म्हटलं, असेल, पण आता आपल्याला पुढे जायचंय, चार द्या.
त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग चार दिला आणि म्हणाले, वाकवला नाहीत तर बदलून देईन. धंद्यातली माणसं उगाच शंकेखोर.

५ जून, मंगळवार
कॅबिनेट उघडलं. कॉम्प्युटरच्या खोक्याचे स्क्रू गंजलेले. एकेकाला खोबरेल तेल लावून, दम धरून, घाम गाळून काढले. आत धूळ, झुरळाचे अवशेष आणि पालीचं एक अंडं. एवढं सगळं सांभाळून हे मशीन आजवर चाललं, याचं कौतुक वाटलं.
रॅम बसत नाही. पट्टीला मधे एक खाच असते, ती आतल्या दांडीवर यावी लागते. केसभर सरकलेली आहे. कारखान्यातली चूक. जोर लावला. भ्रमरांबा म्हणाली, दाबू नका. मी म्हटलं, कपाटाचं दारही दाबल्याशिवाय लागत नाही. खाच कानशीने थोडी वाढवावी असा विचार होता. कानस मिळाली नाही. सकाळी तर टेबलावरच होती.

६ जून, बुधवार
शुजातभाईंकडे पट्टी परत केली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, काहीही न विचारता परत घेतली आणि म्हणाले, तीन दाखवू का? माझा स्वभाव असा की एका दुकानात दोनदा मान तुकवायची नाही. बघून येतो म्हणालो आणि तळघरात गेलो. तिथे टोपलीत रॅम मांडलेले असतात. कोणी काही विचारत नाही. व्यवहार असा हवा.
डीडीआर-तीनच घेतला. त्यातही जो आखूड होता तो. हल्ली सगळ्या चांगल्या वस्तू लहान होत चालल्यात.
घरी लावून पाहिला. जागेच्या निम्म्यातच संपतो. भ्रमरांबाने कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि विचारलं, हा लॅपटॉपचा तर नाही? तिला कसं कळलं कोण जाणे. अंदाजाने बोलली असणार.
पहाटे फिरणं: पाय दुखताहेत, बाजारामुळे.

८ जून, शुक्रवार
आज खरा माल मिळाला. तळघरातच. विकणारा म्हणाला, बँकेच्या मोठ्या सर्व्हरमधून काढलाय. ज्याने बँक चालवली त्याला तेरा मुलं जड जाणार आहेत का?
लांबी बरोबर. खाच बरोबर. ‘कट्’ असा आवाज होऊन बसला. तो आवाज आयुष्यभर लक्षात राहील. जुना रॅम काढून कापसात गुंडाळून देवघराच्या खणात ठेवला. जुना आणि नवा एका घरात ठेवले की कुरबुर होते, सासूसुनेचं आपण बघतोच.
बटण दाबलं. पडदा काळा. आतून लांब शिटी. मग पुन्हा शिटी. प्रेशर कुकरसारखी, फक्त शिजत काही नाही. मशीन नव्या रॅमला ओळखून घेत असावं. बराच वेळ ओळख चालू होती. शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, गॅस चालू राहिलाय का?

९ जून, शनिवार
सकाळी तिची शिकवणी. फोन डाळीच्या डब्याला टेकवून तिने ती घेतली. आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, टीचर, तुम्ही फार छोट्या दिसता. तिने हसून टाळलं आणि स्वर धरून दिला.
शिकवणी संपली. नाश्ता दिला, चटणीही होती. फक्त एवढंच विचारलं, उदयला बोलावू का? मी म्हटलं, मी असताना? मग म्हणाली, शुक्रवारपर्यंत पाठवायचंय, मुलं रोज विचारतात. एकीचे वडील नोकरी सुटल्यामुळे पुढच्या महिन्यात परत यायचेत. ती पुढच्या वर्षी गटात नसेल.
हे मला माहीत नव्हतं. जरा वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो.
संकल्प: काहीही झालं तरी शुक्रवारच्या आत.

१० जून, रविवार
विचार केला. गच्चीवर या वर्षीची आवकायची बरणी आहे. भरल्या दिवशी ते लोणचं खाल्लं तर नुसतं तिखट आणि कच्चं लागतं. त्याला मुरू द्यावं लागतं. रॅमही बँकेच्या थंड खोलीतून आमच्या हैदराबादी उकाड्यात आलाय. त्याला रुळायला वेळ नको?
कॅबिनेट बंद केलं. वर जुनी चादर घातली. तीन दिवस कोणी हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं. घरात आम्ही दोघंच. ती ‘बरं’ म्हणाली.

१२ जून, मंगळवार. संध्याकाळ.
चाललं.
ऑफिसातून आलो तो भ्रमरांबा कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर तेरा चौकटी, तेरा मुलं, एका सुरात. कुठेही अडकत नाही. मी दारातच उभा राहिलो. चपला काढायचंही सुचलं नाही.
विचारलं, कधी सुरू झालं? म्हणाली, दुपारी. म्हटलं, बघ, मुरला की नाही? ती माझ्याकडे बघून म्हणाली, चाललं ना, झालं तर मग.
आलं घातलेली पेसरट्टू, म्हणजे मुगाची धिरडी, केली होती. तीन खाल्ली. या देशात लोकांना धीर नाही, हीच खरी अडचण आहे. दुकानदार घाई करतात, मेहुणे घाई करतात.

१३ जून, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात सविस्तर सांगितलं. रॅम आणि लोणचं, मूळ तत्त्व एकच. शेजारच्या टेबलावरचा यादगिरी एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला फाटा फोडतो, आज गप्प बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, आमच्या घरचाही कॉम्प्युटर रडतोय, मुलीचं इंजिनिअरिंग ॲडमिशनचं काम त्याच्यावरच आहे. म्हटलं, आणून टाक.
संध्याकाळी मेहुण्याला फोन. यावेळी मी केला. सर्व्हरचा रॅम घरच्या मशीनला चालवला असं सांगितलं. मग तो म्हणाला, बावगारू, मुरला म्हणता? मग काहीतरी खोकल्यासारखा आवाज येऊन फोन तुटला. गच्चीबावलीला नेटवर्क फार वाईट आहे.

१५ जून, शुक्रवार
व्हिडिओ पाठवला. दिलेल्या दिवशी. पाचव्याच्या आईने उत्तरात नुसती फुलं पाठवली, पडदाभर.

१७ जून, रविवार. सकाळ.
तिकडे शनिवारची रात्र, इकडे पहाट. स्काइपवरून कार्यक्रम, भ्रमरांबा कॅमेऱ्यासमोर, मी जरीकाठी उपरणं घालून तिच्या मागे. आमचा व्हिडिओ लागला, मुलं छान गायली. परत येणारी ती मुलगी मधल्या रांगेतल्या चौकटीत होती. तिचा आवाज जरा चढा लागतो, पण शेवटची ओळ तिने अशी धरली की भ्रमरांबाने डोळ्यांना पदर लावला.
मग तिने दोन शब्द बोलताना सगळ्यांसमोर सांगितलं, की माझे यजमान रोज संध्याकाळी ऑफिसातून थकून येऊन या कॉम्प्युटरमागे लागले, त्यांनी तो उघडला नसता तर आज हे गाणं झालं नसतं. डॅलसमध्ये टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. एका पालकाने विचारलं, कुठला रॅम घेतलात? मी म्हटलं, अनुभवाचा भाग आहे.
लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने माझं असं कौतुक कधी केलं नव्हतं.

१८ जून, सोमवार
यादगिरी रिक्षातून कॅबिनेट घेऊन आला. तळघरातून सर्व्हरचा आणखी एक रॅम आणून ठेवलाच होता. ‘कट्’. शिटी. यादगिरी घाबरला. त्याला धीर दिला, चादर घातली. गुरुवारी ये म्हटलं.

२१ जून, गुरुवार
मुरलेला नाही. पावसाळी हवा आहे, वेळ जास्त लागणार. यादगिरीला तसं सांगितलं. त्याने विचारलं, किती जास्त? सोमवारी मुलीला कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचेत.

२२ जून, शुक्रवार
शिटी. दिवसभर ऑफिसात यादगिरी माझ्या टेबलाकडे बघत होता. त्याने चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी आपल्या डब्यातली भाजी मला वाढली आणि हळूच म्हणाला, पोरगी रात्री नीट जेवत नाही हो.

२३ जून, शनिवार
यादगिरीच्या मशीनमध्ये काय कमी आहे ते कळावं म्हणून आपलं कॅबिनेट उघडलं. शेजारी शेजारी ठेवून बघावं, एवढाच हेतू.
आत दोन पट्ट्या. एक तीच, जी मी कापसात गुंडाळून देवघरात ठेवली होती. तिच्या शेजारी अगदी तिच्यासारखी दुसरी, नवी, जुळी बहीण शोभावी अशी. माझा सर्व्हरचा रॅम कुठेच नाही.
भ्रमरांबा भाजी निवडत होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून चाकू खाली ठेवला.
“तुमचा तो बँकेचा टीव्हीच्या खणात आहे,” ती म्हणाली. “टाकला नाही हो.”
“आणि हा?”
“मंगळवारी जाऊन आणला. जुना पर्समध्ये टाकला, पार्कलेनला गेले, त्या शुजातभाईंना दाखवला. म्हटलं, अगदी असाच एक द्या. ब्लाउजपीस आणते तसा. साडी घरी ठेवून मॅचिंग कसं मिळेल?”
मी खुर्चीवर बसलो.
“मग मला सांगितलं का नाहीस?”
“तुम्ही आलात तेच मुरला, मुरला म्हणत. इतके खुशीत होता.”
“आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस ते?”
“ते खरंच होतं. ते गंजके स्क्रू मला या जन्मात निघाले नसते.”

यादगिरीचं कॅबिनेट तसंच उघडं पडलं होतं. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. शेजारी काढून ठेवलेला त्याचा जुना रॅम माझ्याच कापसात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. मग बाजाराची पिशवी घेतली, येताना कोथिंबीर आणायची होती. दारात थांबून म्हणाली, अहो, येताय का?
गेलो. पिशवी माझ्याकडे होती.