फेर्नां त्युर्कोत यांना अर्जदाराच्या स्वयंपाकघरातून हलविण्याबाबत

प्रति,
मा. आपत्ती निवारण अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, सांत-क्लोदिन, क्वेबेक.

अर्जदार : श्रीमती ओदेत पँशो, निवृत्त शाळा-बसचालक.

विषय : बर्फवादळात आश्रयास ठेवलेला शेजारी इसम परत नेण्याबाबत.

संदर्भ : 'वीज जाण्याआधी घर सज्ज ठेवा' हे आपण घरोघर वाटलेले पत्रक.

महोदय,

१. संदर्भीय पत्रक गावात बहुतेकांनी चुलीत घातले. अर्जदाराने ते वाचले. धुराडे साफ करून घेतले, मॅपलची वाळकी लाकडे पडवीत रचली, पाण्याची पिंपे भरली, वाटाणे, मेणबत्त्या व हाताने फिरवायचा रेडिओ आणला. हे चालू असता शेजारी श्री. फेर्नां त्युर्कोत कुंपणाशी येऊन म्हणाले, "काय ओदेतबाई, गावाला वेढा पडणार आहे का? मी जनरेटर घेतलाय. बटण दाबलं की झालं!" अर्जदार त्यांच्याशी बोलत नाही. (कारण : ते दर हिवाळ्यात आपल्या अंगणातला बर्फ यंत्राने अर्जदाराच्या दारात उडवतात. त्याबाबतचे जुने अर्ज आपल्या कार्यालयात असतीलच, उंदरांनी ठेवले असल्यास.)

२. जानेवारीत गोठता पाऊस आला. बर्फ चढून विजेच्या तारा मनगटाएवढ्या जाड झाल्या, फांद्या बंदुकीचा बार उडावा तशा मोडू लागल्या, खांब आडवे झाले व गाव अंधारात गेले. अर्जदाराने बाकीच्या खोल्या बंद करून दारांना गोधड्या लावल्या, गादी चुलीजवळ ओढली, पाणी गोठू नये म्हणून नळ बारीक धारेवर सोडले आणि ती सुखात होती.

३. दुसऱ्या सकाळी त्युर्कोत यांचा जनरेटर धडधडत होता. पण आवाज येत होता तो घराला चिकटलेल्या गॅरेजमधून, आणि गॅरेजचे दार बंद. विषारी धूर घरात भरतो, म्हणून जे कदापि करू नये असे पत्रकात जाड अक्षरांत छापले आहे, नेमके तेच. खिडकीत हालचाल नव्हती. अर्जदाराने बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, कुऱ्हाड घेतली व घसरत, एकदा सपशेल बसून, त्यांचे दार गाठले. हाका मारल्या. मग दार फोडले. सदर इसम फरशीवर पडले होते. अर्जदाराने श्वास रोखून त्यांना पायांना धरून बाहेर ओढले. बर्फावरून ते छान घसरले. त्या बर्फाचा तेवढाच उपयोग झाला. त्या वेळी अर्जदार त्यांच्या गालांवर चापट्या मारत "ऊठ रे मेल्या, ऊठ ना!" असे ओरडत होती व रडत होती, ही बाब गोपनीय ठेवावी. डोळे उघडताच ते म्हणाले, "दार कोण दुरुस्त करणार?"

४. आपल्या मदतगाडीने त्यांना इस्पितळात नेले; तेथून सुटल्यावर आपल्याच माणसांनी त्यांना परस्पर अर्जदाराकडे आणून सोडले. "तुमच्याकडे सगळी तयारी आहे ना, बाई?" असे म्हणून गाडी निघूनही गेली. पत्रकात शेजाऱ्याची तयारी कशी ठेवावी याबद्दल अवाक्षर नाही. सदर इसम पत्त्यांत लबाडी करतात, चुलीत लाकूड आडवे घालावे की उभे यावर प्रवचन देतात, आणि असे घोरतात की पहिल्यांदा अर्जदाराला छप्पर कोसळले असे वाटले. परवा म्हणाले, "ओदेत, हे सुपात मीठ घातलंय की मिठात सूप?" अर्जदार म्हणाली, "गप गिळा. मेला असता तर अळणीच होतं सगळं."

५. काल वीज आली. त्युर्कोत आपल्या घरी जाऊन आले व चुलीकडे पाहत म्हणाले, "दार बसवलंय, पण ओल आहे अजून. भिंतींतून येते." अर्जदार स्वतः जाऊन पाहून आली. भिंती खडखडीत कोरड्या आहेत. एका खुर्चीसमोर टेबलावर एकच कप होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाशिवाय त्या घरात कशाचाही आवाज नव्हता. परत आल्यावर अर्जदाराने दोन वाडगे काढले. सूप वाढले.

६. सबब, वरील विषय रद्द समजावा. सगळे पुन्हा लिहायला अर्जदाराला सवड नाही. त्याऐवजी, श्री. त्युर्कोत यांच्या घरास ओल असून ते वसंतापर्यंत राहण्यायोग्य नाही, असा दाखला शिक्क्यासह द्यावा. ते कारणाशिवाय कोणाकडे राहणाऱ्यांतले नाहीत, आणि अर्जदारही कारणाशिवाय कोणाला ठेवून घेणाऱ्यांतली नाही.

पाहणीसाठी मात्र कोणालाही पाठवू नये.

आपली नम्र, पण फार नव्हे,
ओदेत पँशो
सांत-क्लोदिन, जानेवारीअखेर