स्टेजवरून सुटलेला टँकर

जळकोट,
२६ एप्रिल २०१६

प्रिय रुद्राणी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण नांदेडच्या हॉस्टेलातली चार वर्षं काही खोडता येत नाहीत, म्हणून राहू दे. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू मला हसवतेस आणि माझा राग वाया जातो. या वेळी मला तो वाया घालवायचा नाही.

तुझ्या हैदराबादच्या परिषदेचा व्हिडिओ काल दुकानात बसून पाहिला. शेजारी अप्पा होते. त्यांना अजून वाटतं, ॲडव्होकेट म्हणजे तू वकील झालीस. मी समजावलं, की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हिच्या कंपनीच्या सेवा वापराव्यात म्हणून ही गावोगाव फिरते, त्यांना शिकवते, त्यांची गाऱ्हाणी कंपनीच्या कानावर घालते. अप्पा म्हणाले, "म्हंजी आपल्या बाजूची हाय म्हण की." मी व्हिडिओ पुढं सरकवला.

बोलतेस मात्र छान. मागं पडद्यावर भेगाळलेली जमीन, आणि तू सांगतेस, उदगीर हा उद्याचा नवा जिल्हा, त्याच्या कुशीतलं हे तहानलेलं गाव. इथं जिल्हा कधी होणार यावर टपरीवर रोज भांडणं होतात. जळकोटजवळच्या त्या वाडीत टँकर कधी येणार हे मात्र फेब्रुवारीपर्यंत फक्त सरपंचाच्या गल्लीला कळायचं. बौद्धवाड्यातल्या बायका घागरी घेऊन पोचेपर्यंत पाइपातून नुसती हवा यायची. म्हणून तर आपण ती निरोपाची यंत्रणा उभी केली ना? टँकर जळकोटहून निघाला की वाडीतल्या सगळ्या फोनवर एकाच मिनिटाला निरोप. तू दोन दिवस बौद्धवाड्यातल्या केवळाबाईंच्या ओसरीवर मांडी घालून बसलीस, घरोघरचे एकशे अठरा नंबर भरलेस, त्यांच्या ताटातली ज्वारीची भाकरी खाल्लीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

आणि तीच तू, व्हिडिओच्या एकविसाव्या मिनिटाला, स्टेजवरून निरोपाचं बटण दाबलंस. पडद्यावर एकशे अठरा हिरव्या खुणा पटापट उमटल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचणीसाठी मी वेगळी यादी केली होती, रुद्राणी. तिच्यात तुझा, माझा आणि अप्पांचा, असे तीनच नंबर होते. ती यादी तुला माहीत होती, कारण ती ठेवायला तूच मला शिकवलं होतंस. पण तीन खुणांना टाळ्या कोण देतो? तू खरी यादी उचललीस.

त्या बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता वाडीतल्या बायका रोजगार हमीच्या नाल्यावर माती उपसत होत्या. फोन वाजले. टँकर निघाला, अर्ध्या तासात पोचेल. सगळ्या कामं टाकून पळाल्या. मुकादमानं अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. दोन तास उन्हात घागरी घेऊन उभ्या होत्या. नागुबाई चक्कर येऊन पडली, तिला उचलून सावलीत नेलं. टँकर कुठला यायला? तो त्या वेळी अहमदपूरच्या रस्त्यावर रिकामा उभा होता.

खरी वाट लागली ती दुसऱ्या दिवशी. टँकर खरोखर निघाला, निरोप गेला, आणि बायकांनी फोन बघून परत ठेवून दिले. सहाजणी आल्या. चालकानं वाट पाहिली आणि उरलेलं सगळं पाणी सरपंचाच्या हौदात सोडून तो निघून गेला. बौद्धवाड्यात तीन दिवस टिपाडं कोरडी होती. तुला कळवलं, तर तुझं उत्तर काय? "अगं सॉरी, लाइव्ह डेमोत होतं असं." वर एक हसरा चेहरा, आणि वाडीसाठी टी-शर्टांचा खोका पाठवू का, हा प्रश्न. मला इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. गल्ल्यावर गिऱ्हाईक होतं म्हणून वाचला.

आता माझंही ऐक. बायकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मशीन बिघडलं म्हणाले. तुझं नाव माझ्या तोंडातून निघेना. यंत्रणेचा पासवर्ड तुला मीच दिला होता, त्याचीही लाज वाटली. केवळाबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मशीनवर इस्वास ठिवला, ही आमचीच चूक हाय बघ पोरी." कुणी कानफटात मारली असती तरी परवडलं असतं. तुझ्या चुकीचं खापर मी त्यांच्याच डोक्यावर फोडू दिलं.

आता सरपंच सगळीकडं सांगत फिरतोय, की मशीनचा काही नेम नाही, पहिल्यासारखं आम्हीच निरोप देऊ. एक मेच्या ग्रामसभेत तसा ठराव आणणार आहे. तो झाला की बौद्धवाडा परत रांगेत शेवटी. ठराव थांबवायचा तर एकच मार्ग आहे. मशीन नीट होतं आणि चूक माणसांनी केली, हे सभेत उभं राहून सांगायचं. मी ते सांगणार आहे, माझ्या नावासकट आणि तुझ्या नावासकट. हे पत्र तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. आजच स्पीड पोस्टानं टाकतेय, म्हणजे शनिवारपर्यंत तुला मिळेल. सभा रविवारी सकाळी नऊला आहे. तुझं नाव तुझ्या पाठीमागं घेऊ की तुझ्यासमोर, एवढंच तू ठरव.

रविवारी सकाळी नऊपर्यंत तरी तुझीच,
जगदेवी