तक्रारी सरेपर्यंत

वडसा, ८ जानेवारी १९९८

ती. रंभाबाईस,
धाकट्या अमरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आमच्या कंपनीनं या हंगामात नवं नाटक धरलं आहे आणि तुझा भाऊ त्यात चक्क न्यायाधीश आहे! स्पेनच्या राजाचा माणूस, नाव डॉन मार्तीन. कायदा शिकून जहाजानं परमुलखात जातो, तिथल्या शहराचा कारभारी होतो, बाजारातली मापं तपासतो, सख्ख्या साडूलाही दंड करतो. मुदत संपली की अधिकाराची काठी चौकात आडवी ठेवून तिच्यामागे बसतो. ज्याची तक्रार असेल त्यानं यावं, असा तिकडचा कायदा. सगळ्या तक्रारी ऐकून होईपर्यंत त्याला शहर सोडता येत नाही. नाटकात तर त्याला धरायला आलेल्या शिपायांनाही थांबावं लागतं.

शनिवारी इथेच प्रयोग आहे. भाऊजींना घेऊन ये. पोलीस पाटीलकीतून त्यांना सवड नसते, पण मेहुण्याची मिशी बघायला येतील. गावातले कोणी येत असतील तर ट्रॅक्टर भरून आणा, बसायची सोय मी करतो.

तुझ्या मायेवर वाढलेला,
अमर

हेटीटोला, २ फेब्रुवारी १९९८

चि. अमर यास रंभाबाईचे अनेक आशीर्वाद.

मिशी छान होती. सगळा ट्रॅक्टर परत येताना तुझंच बोलत होता. पण तुझ्या त्या नाटकानं माझं घर बुडवलं बघ.

मागच्या आठवड्यात जंगलातल्या बंदूकवाल्यांचा निरोप आला. पाटील पोलिसांना खबर देतो, गावाला छळतो, होळीच्या आत येऊन त्याला घेऊन जाऊ. त्यांनी नेलेला माणूस परत येत नाही, हे तुला वेगळं काय सांगू? भात चुलीवर करपतो आणि मला वास येत नाही. कुत्रं भुंकलं की मी धावत जाऊन यांच्यापुढे उभी राहते.

वडशाला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. पळालो तर खरंच खबऱ्या ठरीन, म्हणतात. काल तालुक्याला जाऊन राजीनामा दिला आणि आज सकाळी आपली काठी मोहाच्या झाडाखाली आडवी ठेवून बसले. माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर सांगा, असं घरोघरी कळवलं. कोणी फिरकलं नाही. सगळे भ्यालेत. मी तर फार भ्याले आहे रे. तूच त्यांना समजाव.

तुझी वाट पाहणारी,
रंभा

वडसा, ७ फेब्रुवारी १९९८

ती. रंभाबाईस, अमरचा नमस्कार.

पत्र मिळालं. मी लगेच निघालो, पण कुरखेड्याच्या पुढे गाडी बंद आहे, कोणी नेईना. परत फिरलो. टपालवाला सायकलनं जातो, त्याच्या हाती हे पत्र.

भाऊजींना म्हणावं, ते नाटक आहे! डॉन मार्तीनच्या मागे राजाचा कायदा होता. तुमच्या मागे कोण, मोहाचं झाड? बाई, त्यांचे पाय धर, मी मरायला टेकलोय असं खोटं सांग, पण त्यांना तिथून काढ. रोज तो प्रवेश येतो आणि काठी खाली ठेवायच्या ऐवजी मी ती घट्ट धरून उभा राहतो. लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, काय काम करतो हा!

खुशालीच्या दोन ओळी तरी लवकर पाठव.

तुझा अमर

हेटीटोला, २० फेब्रुवारी १९९८

चि. अमर यास आशीर्वाद.

यांना अजून नेलेलं नाही. हे आधी वाच आणि मग बस.

ते बंदूकवाले भरदुपारी आले. हे काठीमागे बसलेलेच होते. सगळं गाव जमवलं. पाटलाविरुद्ध कोणाला बोलायचं आहे, असं त्यांच्या म्होरक्यानं विचारलं. मला वाटलं, आता कोणी बोललं की संपलं. तेवढ्यात बुधरी म्हातारी उठली आणि म्हणाली की पाटलाच्या बैलानं माझ्या शेतातली लाखोरी खाल्ली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे बैल आहेत कुठे? मग पोचू उठला. पोरीच्या लग्नात पाटील जेवले, पण भाजी चांगली झाली असं बोलले नाहीत, ही त्याची तक्रार. मग चैतू उठला. मग मंगली. मी रडत होते आणि एकदम डोक्यात उजेड पडला. ही सगळी ट्रॅक्टरमधली माणसं होती.

बुधरीनं त्या म्होरक्याला तोंडावर सांगितलं की आमच्या तक्रारी सरल्या नाई, तवर याले कुठीच नेता येत नाई. तो आधी चिडला, मग हसला. बरं, सरू द्या म्हणाला. आता त्याचा एक माणूस रोज दुपारी येऊन झाडाखाली ऐकत बसतो. ज्या दिवशी तक्रार नसेल त्या दिवशी यांना नेणार.

गाव रोज एक तक्रार शोधतं. काल दसरूनं सांगितलं की पाटील फार मोठ्यानं शिंकतात. हसू आलं, पण आता लोकांना सुचेनासं झालंय. तुझी ऊठबस नाटकं लिहिणाऱ्यांत आहे. गावाला शोभतील अशा साध्या तक्रारी लिहून घे आणि पाठव. जमतील तितक्या पाठव.

उद्या तक्रार सांगायची पाळी माझी आहे. मला काही रचायची गरज नाही. लग्नापासूनच्या खऱ्याच आहेत. लुगडं घेतो म्हणाले नि विसरले. आई आजारी असताना मला धाडलं नाही. एकदा सगळ्या घडाघडा तोंडावर फेकाव्या, असं किती वर्षं मनात होतं. आता पुरवून पुरवून वापरायच्या आहेत. उद्या फक्त लुगड्याची सांगेन.

टपाल चुकवू नको, बाळा.

तुझी बाई,
रंभा