आधी अंघोळ, मग औषध

तीर्थरूप ताईस,

तुझ्या गुडघ्यांना आणि भावोजींच्या रक्तदाबाला माझा नमस्कार. दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. मी परवा मेले. घाबरू नकोस, सरावात मेले. जेवणखाण व्यवस्थित चालू आहे.

झालं असं की, कुणा माथेफिरूनं गर्दीत विषारी रसायन सोडलं तर काय करायचं, याचा आमच्या हॉस्पिटलात सराव होता. नियम सोपा. विष कपड्यांवर, केसांवर बसून येतं, म्हणून रोग्याला आधी आवारातल्या तंबूत न्यायचं, कपडे उतरवायचे, अंघोळ घालायची, मगच आत घ्यायचं. तोवर अपघात विभागाचं दार बंद आणि किल्ली माझ्याकडे (एरवी दारं उघडी राहिली म्हणून मीच बोलणी खाते).

खोटे रोगी म्हणून आमचेच नातेवाईक बोलावले होते. सासूबाई हौसेनं सगळ्यांच्या पुढे. काय खोकल्या, काय तोंडाला फेस आणला (टूथपेस्ट माझीच)! पण परक्यांसमोर कपडे काढायचे म्हणताच तंबू सोडून तडक दाराशी आल्या आणि काचेवर हात आपटत म्हणाल्या, "सूनबाई, श्वास कोंडतोय गं." नाटक आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं, पाठसुद्धा चोळली.

परीक्षकांनी शांतपणे माझ्या छातीवर काळी चिठ्ठी लावली (काळी म्हणजे मेलेली). मग डॉक्टरांच्या, मग आतल्या एकेका खाटेवर. सगळे हसले, मीही हसले. दम्याच्या एका आजोबांनी विचारलं, ही चिठ्ठी कसली? मी म्हटलं, डिस्चार्जची. ते इतके खूश झाले की माझं हसूच गेलं. ताई, त्यांना मीच मारलं होतं गं, चांगुलपणा करता करता. मेट्रनबाई आता किल्ली दुसरीला देणार होत्या. मी एक संधी मागून घेतली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. पुढच्या सरावाला रोगी म्हणून तू ये. सासूबाईंना मी आता सहज थांबवीन (परवापासून त्या बोलतच नाहीयेत). पण आईमागे मला तू वाढवलंस. घरच्या नावानं हाक मार, रड, वाटेल ते कर. तुझ्यासाठी दार बंद ठेवता आलं, तर कुणासाठीही येईल.

ता. क. दुसरा. आणि कधी खरंच तसं झालं, तू खरीच आलीस, तर दाराशी वेळ घालवू नकोस. सरळ तंबूत जा. मी काचेआड असेन, पण उघडणार नाही. रागावू नकोस.