काळविटाची घुमणी

१७ फेब्रुवारी १९६१, शुक्रवार. सकाळी ७ वाजून ४० मिनिटे.
माझ्या विहिरीभोवती काळवीट फिरते आहे. डावीकडे, फक्त डावीकडे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी, तरी पळत नाही. याला विष घातले आहे — आणि ते तांड्यावरच्या देवीलालनेच. त्याचा हरभरा माझ्या कुंपणाला लागून. परवाच म्हणत होता, "बाई, या हरनायचा बंदोबस्त कराच लागते."
दिग्रसला जंगल खात्याकडे अर्ज धाडला. 'विष घालताना पाहिले' असे लिहिले. पाहिले नाही. पण माहीत आहे.

१८ फेब्रुवारी
गार्ड देवीलालला घेऊन गेला. जाताना कुंपणापाशी थांबून म्हणतो, "म्या काहून विष घालू? माह्ये बैलं बी तिथंच चरते. त्याले घुमणी झाली, बाई."
घुमणी! म्हणजे काळविटाच्या अंगात आले. कॉन्व्हेंटात शिकून, तीस वर्षे शाळा चालवून, म्हातारपणी हे ऐकायचे.

२१ फेब्रुवारी
भांडी घासता घासता इंदूबाई — "हरनाची लय कणव तुमाले. देवीलालची बायको बिजली एकटीच हरभरा उपटून राह्यली, पोटुशी हाय थे."
मी म्हटले, भांड्यांकडे लक्ष दे.

२४ फेब्रुवारी
काळवीट मेले. आता पुरावा मिळेल. गुरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला.

२५ फेब्रुवारी
पोटात विष नाही. डॉक्टरांनी कवटी उघडली. मेंदूत डाव्या अंगाला लिंबाएवढी पाण्याची पिशवी, आत पांढरे दाणे. एकेक दाणा म्हणजे जंताचे एकेक डोके.
"हीच घुमणी. मेंढपाळांचा शब्द आहे. मेंदू दाबला जातो, जनावर भीती विसरतं, एकाच बाजूला फिरत राहतं."
मग — "बाई, कुत्री पाळता?"
दोन.
"खायला काय घालता?"
खाटकाकडची मेंढ्यांची डोकी. कच्ची.
"मेंढ्यांच्या मेंदूतही हीच पिशवी असते. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत. जंताची अंडी विष्ठेतून गवतावर. गवत काळविटाच्या पोटात." एवढे बोलून ते बराच वेळ हात धूत राहिले.

२७ फेब्रुवारी
दिग्रसला जाऊन आले. जंगल खात्याचा कारकून पान न थुंकताच बोलतो — "तुम्हीच डोळ्यांनी पाहिलं म्हणता. आता पाहिलेलं न पाहिलेलं कसं करायचं?" उद्धट. आणि बरोबर.

१ मार्च
दुसरा अर्ज धाडला. त्याची नक्कल:
'विष घालताना पाहिले, हे मी खोटे लिहिले. कुत्री माझी आहेत. देवीलालला सोडावे आणि गुन्ह्यात माझे नाव घालावे. सोमवार, ६ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवे.'