दात सुटे, ओठ मिटलेले

महाळुंगे पडवळ
१२ एप्रिल

प्रिय प्राचीबाळ,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत, तुझ्या बाबांची शुगर आटोक्यात आहे, आणि तांबड्या गाईला कालवड झाली. फोन असताना आई पत्र लिहीत बसली म्हणून तू हसशील, हस. एक तर मला अजून फार बोलायची बंदी आहे. दुसरं म्हणजे आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. तुझा फोन आला की बाबा आधी तो स्पीकरवर टाकतात, मग शेजारची धोंडाबाईसुद्धा ओट्यावरून तुला जेवलीस का म्हणून विचारते. त्या गर्दीत मला जे बोलायचंय ते बोलता येणार नाही. पप्पूकाका गुरुवारी टेम्पो घेऊन हडपसरला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देते. वाचताना एकटी बस.

तुझ्या लग्नाला सत्तावीस दिवस राहिले. तीस तारखेला तू प्रयोगशाळेतल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा, आणि लग्न झालं की पारगावला आदेशच्या घरी राहायला जायचं, असं ठरलंय. इकडे बस्ता झाला, मंडपवाल्याला सांगून झालं, आचारी दोनदा येऊन चूल कुठे मांडायची ते बघून गेला. आणि या सगळ्या धामधुमीत नवरीच्या आईचं तोंडच उघडेना! तुला मी फोनवर दाढ दुखतेय एवढंच सांगत होते. खोटं बोलत नव्हते गं, मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

सुरुवात झाली फेब्रुवारीत. सकाळी उठले की डावा गाल जड, कानात ठणका, आणि भाकरीचा तुकडा चावला की कानाजवळ कट् असा आवाज. मी लवंग धरली, मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. धोंडाबाईने कानात कोमट तेल सोडलं, त्याने कान तेवढा तेलकट झाला. मग तिने जाहीर केलं की लगीनघर हाय, लई लोकांची नजर लागलीय, आणि मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. घरभर मिरचीच्या धुराचा खाट उठला, खोकून खोकून जबडा आणखीच दुखला. शेवटी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी फोटो काढला आणि दाढ चांगली आहे, काढायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. पण तुझी आई ऐकतेय होय! लग्नात पाहुण्यांसमोर गाल धरून बसू का, असं म्हणून मीच हट्टाला पेटले आणि दाढ काढून घेतली. चांगली धडधाकट दाढ गेली बघ. दुखणं होतं तिथेच राहिलं. त्यानंतर तर आठवडाभर तोंडात चमचा आडवा जाईना.

त्या डॉक्टरांनीच मग मला नारायणगावच्या रूही मॅडमकडे पाठवलं. मुलगी जुन्नरची, तुझ्याच वयाची, जबड्याचे आणि मानेचे व्यायाम शिकवते. तिने मला दाढ दाखवा म्हटलंच नाही. कानासमोर दोन बोटं ठेवली, तोंड हळू उघडायला लावलं, आणि माझी बोटं तिथे धरून मलाच तो सांधा हलताना दाखवला. म्हणाली, काकू, गुडघ्याला सांधा असतो तसा हा जबड्याचा. कवटी आणि जबडा यांच्यामध्ये एक मऊ गादी असते, ती जागची सरकली की आवाज येतो, कधी कधी तोंड अडकतं. आणि गालातला स्नायू सारखा आवळलेला राहिला की तो दुखतो, त्याची कळ कानात जाते, दाढेत जाते, डोक्यात जाते. म्हणून माणसं कान तपासतात, दाढा काढतात. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली तेव्हा मी पदर तोंडाला लावला.

मग तिने विचारलं, दाताने काय काय करता? मी म्हटलं, काय करणार, जेवते. ती हसली आणि हात बघू म्हणाली. आपण बायका टोमॅटोची बांधणी कशी करतो ते तुला माहीतच आहे. सुतळीचे तुकडे दातात धरायचे, दोन्ही हातांनी वेल उचलून तारेला टेकवायचा, गाठ मारायची आणि उरलेली सुतळी दाताने कटकन तोडायची. विळा कंबरेला असतो, पण तो काढायला कोण थांबतंय. पंचवीस वर्षं मी डाव्या दाढेने सुतळी तोडतेय! माझ्या बोटांवरचे सुतळीचे वळ बघून तिला ते कळलं. दुसऱ्याच दिवशी मी बांधणीच्या बायकांना गळ्यात दोरीला अडकवलेल्या छोट्या कात्र्या वाटल्या. आधी खूप हसल्या, आता माझ्या नावाने, इंद्रायणीची कातरी म्हणून मागून घेतात.

औषध म्हणशील तर फारसं काही नाहीच. सुरुवातीला चार दिवस दुखण्याची गोळी दिली, बाकी सगळं घरातलं. गरम पाण्यात पिळलेला पंचा पंधरा मिनिटं गालावर धरायचा, मग बोटांनी गालातला स्नायू गोल गोल हळू चोळायचा. जीभ टाळूला लावून तोंड थोडंसंच उघडायचं, मिटायचं, असं सहा वेळा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. पालथं झोपायचं नाही, सुपारी नाही, ऊस नाही, भाजलेले दाणे नाहीत. एकदम सूज आली, ताप आला, किंवा तोंड उघडं राहून मिटेचना, तर घरचे उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, असंही तिने बजावलं. महिनाभर मी मऊ भात, मुगाची खिचडी आणि हुलग्याचं माडगं यांवर आहे. तुझे बाबाही मुकाट तेच खातात. एकदा फक्त म्हणाले की आपण दोघं एकदम म्हातारे झालो काय गं.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र वेगळीच निघाली. ओठ मिटलेले, पण आत दात सुटे, असं तोंड दिवसभर ठेवायचं. जेवण सोडलं तर वरचा दात खालच्या दाताला लागायची गरजच नसते म्हणे. करून बघ, वाटतं तेवढं सोपं नाही. आठवण राहावी म्हणून तिने घरात जागोजागी खुणा लावायला सांगितल्या, तर मी टिकल्यांचं पाकीटच रिकामं केलं. आरशावर टिकली, पिठाच्या डब्यावर टिकली, गोठ्याच्या खांबावर टिकली. दिसली की दात सोडायचे आणि एक लांब श्वास घ्यायचा. बाबांना वाटलं लग्नाची सजावट चाललीय.

आणि टिकली दिसताना दात कधी आवळलेले सापडतात ते लक्षात ठेवा, असं तिने सांगितलं होतं. मी ठेवलं. शेतात क्वचित. स्वयंपाक करताना नाही. धार काढताना तर नाहीच. पण लग्नाचा विषय निघाला आणि कोणी म्हटलं की पोरगी नोकरी सोडतेय ते बरं करतेय, की माझे दात करकचून बसलेले. प्रत्येक वेळी, प्राची. मग मी मागे मागे जाऊन आठवलं की पहिल्यांदा कधी दुखलं. सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या दिवशी पारगावची माणसं बैठकीत होती, तू चहा देऊन कोपऱ्यात बसली होतीस. आदेशच्या चुलत्यांनी विचारलं की मुलगी लग्नानंतर नोकरी करणार का. प्रश्न तुझ्याबद्दलचा होता, विचारला बाबांना. आणि बाबा तुझ्याकडे न बघताच म्हणाले, सोडंल की, त्यात काय. तू मान खाली घातलीस. सगळ्यांनी त्याला होकार म्हटलं. मी दाराआड उभी होते, हातात पेढ्यांचं ताट. माझ्या तोंडात शब्द आला होता की थांबा, तिला विचारा. मी दात आवळले आणि तो तिथेच अडवला. का? पाहुणे आहेत, स्थळ चांगलं आहे, नवऱ्याचा शब्द खाली कसा पाडायचा. हीच कारणं, दुसरी नाहीत. तू सहा वर्षं शिकलीस, द्राक्षांत औषधाचा अंश किती राहतो ते मोजायला लागलीस. तुझ्या सांगण्यावरून बाबांनी दोन फवारण्या बंद केल्या आणि गावभर माझी पोरगी म्हणून सांगत फिरले. तेच बाबा दोन शब्दांत ते सगळं देऊन मोकळे झाले, आणि मी पेढे वाटले. मला माझी लाज वाटते बाळा.

आदेश वाईट मुलगा नाही, हे मी मुद्दाम लिहिते. मला तो आवडतो. कदाचित त्यालाही कोणी विचारलं नसेल. पण परवा मी साखरपुड्याचा व्हिडिओ बघत होते. आता मला लोकांचे जबडेच दिसतात, काय करू. तुला अंगठी घालतात, सासूबाई म्हणतात की आता पुण्याची धावपळ संपली बरं का, आणि तू हसतेस. ओठ हसतात, आणि कानाखाली, गालात, तो स्नायू टरारून वर येतो. मी ते पाच वेळा मागे नेऊन बघितलं. गेल्या महिन्यात तू डोकं दुखतं म्हणालीस, कानात दडा बसतो म्हणालीस. मी तुला झोप कमी होत असेल म्हणून उडवून लावलं.

काल छापून आलेल्या पत्रिका बाबांनी आणल्या. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका भैरवनाथापुढे ठेवायची आणि मग गावात वाटायच्या. देवापुढे पत्रिका गेली की बाबांच्या लेखी लग्न नोकरी सोडायच्या बोलीसकट पक्कं, मग ते इकडचं तिकडे होऊ देणार नाहीत. आज सकाळी त्यांनी टोपी घातली, पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि निघाले. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. म्हटलं, रविवारपर्यंत थांबा, मला आधी पोरीला विचारायचंय. ते चिडले, आता काय विचारायचं राहिलं म्हणाले. मी म्हटलं, पहिल्यापासून सगळंच राहिलंय. बराच वेळ ते टोपी हातात घेऊन ओट्यावर बसले. मग आत आले, पत्रिका परत गठ्ठ्यात ठेवली आणि रविवारपर्यंत, एवढंच म्हणाले. ते रागावलेत की त्यांनाही काही कळलंय, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून हे पत्र. जे त्या दिवशी बैठकीत विचारायला हवं होतं ते दोन महिने उशिरा विचारते. प्राची, तुला नोकरी सोडायची आहे का? आणि ती सोडावीच लागणार असेल, तर तुला हे लग्न करायचं आहे का? बाबांना काय वाटेल, मंडपवाला काय म्हणेल, आईचं दुखणं वाढेल का, हे काही मनात आणू नकोस. खुशीने सोडणार असशील तर तसं सांग, मी आनंदाने तुझी ओटी भरेन. सोडायची नसेल तर पारगावला मी स्वतः जाईन आणि त्याच चुलत्यांसमोर बसून सांगेन. लग्न ठेवायचं की मोडायचं, ते मग तू आणि आदेश ठरवा. रविवारच्या आत पप्पूकाकाच्याच हाती उत्तर पाठव. आणि ठीक आहे आई, तुम्ही ठरवाल तसं, असं मात्र लिहू नकोस. ते उत्तर मी आयुष्यभर देत आले, आणि ते देताना दात किती घट्ट मिटावे लागतात ते मला माहीत आहे.

तुझीच,
आई