आक्काच्या रुपयावरचं टिंब

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. भिवंडीत नाण्यांमधलं खरं कळणारा माणूस एकच आहे. त्याच्या नोंदी राहायला हव्यात.

सकाळी इद्रीसच्या दुकानात गेलो. लूमचे स्पेअर पार्ट विकतो. तीस वर्षं नाणी जमवतोय, म्हणून लोक त्यालाच विचारतात. मी चार महिन्यांत त्याच्या पुढे गेलो हे त्याला सहन होत नाही. माझा डबा उघडून दाखवला. एकशे बारा नाणी, एकावरही टांकसाळीची खूण नाही. खूण नाही म्हणजे एरर, टांकसाळीत चुकलेलं दुर्मिळ नाणं.

इद्रीस गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "केसरीभाऊ, मुंबईच्या नाण्यावर सालाखाली चौकट असते, हैदराबादच्या चांदणी, नोएडाच्या टिंब. कोलकातावाले खूण करतच नाहीत. ही सगळी कोलकात्याची."

दोन गिऱ्हाइकं हसली. एकाला मी ओळखतो.

ठराव : पुन्हा या दुकानात पाय ठेवायचा नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
इद्रीसच्या दुकानात गेलो. इलाज नव्हता.

आक्का, माझी थोरली बहीण, काल कशेळीहून आली. तिची नात करिष्मा, तिचं लग्न २९ला. आक्काने आयचा चांदीचा रुपया आणलाय, पंचम जॉर्जचा. करिष्माला द्यायचाय. मला म्हणाली, "तू म्हने नान्यांचा डॉक्टर झालास. ह्यो बघ जरा." मी बघितला. साधा आहे म्हणून सांगितलं. तर म्हणे, "इद्रीसला पन दाखवू एकदा." सख्खी बहीण.

इद्रीसने भिंग लावून रुपया दहा मिनिटं उलटसुलट बघितला. मग म्हणाला, "मागच्या बाजूला फुलाखाली टिंब आहे, म्हणजे मुंबईचा. पण टिंब बरोबर मध्ये असतं. हे डावीकडे सरकलंय. मी असं पाहिलेलं नाही. खात्रीने सांगत नाही, आक्का. २३ तारखेला मुंबईचे एक जाणकार माझ्याकडे येतायत, त्यांना दाखवू. तोवर घासू नका. पुसूसुद्धा नका."

मग फोटो काढायला रुपया घेऊन मागच्या खोलीत गेला. दोन मिनिटं. मागच्या खोलीत सोल्डरिंगचं मशीन आहे. फक्त नोंद करून ठेवतो.

रुपया मी सांभाळायला मागून घेतला. आक्काने दिला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
छडा लागला. टिंब इद्रीसनेच चिकटवलंय.

पुरावा : ३ तारखेला मी रुपया बघितला तेव्हा मला टिंब दिसलं नाही. मला दिसलं नाही म्हणजे नव्हतं.

चंद्राला सांगितलं. बायको असून विचारते, "त्याला त्यात फायदा काय?" फायदा दिसत नाही, हीच त्याची हुशारी.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दापोड्याला काळूरामच्या टपरीवर सगळ्यांना सावध केलं. इद्रीस बनावट माल करतो, म्हणालो. कुणी काही बोललं नाही. म्हणजे पटलं.

काळूराम एवढंच म्हणाला, "तुमच्या दाजींना अटॅक आला तेव्हा इद्रीसच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलेला ना?" बोलणं नाण्याचं चाललेलं, हा दवाखान्यात पोचला. याच्याकडचा चहा बंद.

१६ नोव्हेंबर, रविवार
शास्त्रीय तपासणी सुरू. २३ला त्या मुंबईवाल्यासमोरच इद्रीसला उघडा पाडायचा.

आधी चिंच. शंभर वर्षांचा काळपटपणा पाच मिनिटांत गेला. रुपया नवा दिसायला लागला. टिंब हललं नाही. मग लिंबू-मीठ. मग टूथपेस्ट. टिंब जागेवर. सोल्डर पक्कं आहे. मुरलेला माणूस.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कानस वापरली. दहा मिनिटांत टिंब साफ.

चंद्रा आत आली, तिने रुपया उचलून बघितला. "आक्काला काय सांगणार?" म्हणाली. सत्य सांगणार, म्हणालो.

सोल्डर असतं तर भुकटी करडी पडायला हवी होती. पांढरी पडली, चांदीसारखी. इद्रीसचं काम भलतंच सफाईदार आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
चार दिवसांत आक्काचे तीन फोन. उचलले नाहीत. तपास गुप्त ठेवावा लागतो.

भुकटी कागदाच्या पुडीत जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. चंद्राने विचारलं, तपासून घ्यायची का? मी म्हणालो, गरज नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
गेलो. मी, आक्का, इद्रीस आणि ते मुंबईचे गृहस्थ. मी रुपया टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बनावट टिंब मी काढून टाकलंय."

इद्रीसने रुपया उचलला. बघितला. परत ठेवला. मग मोबाइलवरचा फोटो त्या गृहस्थांना दाखवला. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे नाणं असंच हातात मिळायला हवं होतं. आता फोटोवरून मी काय सांगणार?" माझा रुपया त्यांनी भिंगाखाली क्षणभर धरला. "चांदी चांगली आहे," म्हणाले.

मी सोल्डरिंगच्या मशीनचा मुद्दा काढला. आक्काने मध्येच थांबवलं. आवाज चढवला नाही.

"आय त्याला ठिपक्याचा रुपया म्हनायची. बारीक होतास तवा ताप आला की ती ह्योच रुपया तुझ्या मुठीत द्यायची. तू ठिपक्यावर बोट फिरवत झोपायचास. सगला विसरलास?"

मी म्हणालो, आठवत नाही.

इद्रीस काय बोलेल याची मी आठ उत्तरं पाठ करून गेलो होतो. तो बोललाच नाही. अत्यंत कपटी.

निघताना मी रुपया आक्काच्या हातात दिला. तिने तो परत माझ्या हातात ठेवला. "मना नको आता. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

२९ नोव्हेंबर, शनिवार
करिष्माचं लग्न. जायचं नाही असं ठरवलं होतं. चंद्राने कपडे काढून ठेवले होते.

इद्रीसला पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्याने त्या फोटोची मोठी प्रिंट काढून फ्रेम करून आणलेली. आक्काने करिष्माला तीच दिली. आक्का पाहुण्यांना फ्रेम दाखवत होती, "ही माझ्या आयची निशानी," म्हणत होती. माझ्याकडे आली तेव्हा फ्रेम दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे गेली.

इद्रीसने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मला बसायला सांगितलं. टपरीवर मी जे बोललो ते त्याच्यापर्यंत पोचलंय, काळूराम तिथेच जेवण वाढत होता. मी बसलो. भांडणाची पूर्ण तयारी होती. तो म्हणाला, "केसरीभाऊ, जेवून घ्या. गर्दी वाढेल."

जेवलो.

घरी येऊन रुपया मुठीत घेतला. बोट फिरवून बघितलं. गुळगुळीत आहे.